घरच्या फोटोंसाठी इमिच: वीज गेली तरी आपोआप उठणारा सर्व्हर

घरातल्या चार फोनमध्ये विखुरलेले फोटो एका जागी, आपल्या ताब्यात ठेवायचे असतील तर इमिच हे आज सगळ्यात भरवशाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. फोनवरचं ॲप फोटो आपोआप वर चढवतं, चेहरे ओळखतं, नकाशावर दाखवतं, आणि प्रत्येकाला आपलं वेगळं खातं मिळतं. बसवायला तासभर पुरतो. मेहनत आहे ती पुढची पाच-सात वर्षं ते नीट चालत राहावं यासाठी. आपल्याकडच्या घरांत असा सर्व्हर बंद पडतो तो बहुतेक वेळा वीज, निसटलेली डिस्क किंवा कधीच न तपासलेला बॅकअप यांमुळे. म्हणून इथे बसवण्याचा भाग थोडक्यात आहे आणि या तीन गोष्टी सविस्तर.

यंत्र कोणतं घ्यावं

ऑफिसांतून निघालेले वापरलेले मिनी पीसी या कामाला उत्तम: लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी. इंटेलची आठवी पिढी (उदा. आय५-८५००टी) आणि १६ जीबी रॅम असली की झालं. सातव्या पिढीच्या खाली शक्यतो जाऊ नका. फोनमधले १०-बिट एचईव्हीसी प्रकारचे व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून आहे. नवंच घ्यायचं तर एन१०० प्रोसेसरचा पीसीही चालतो.

असं यंत्र रिकामं चालताना साधारण १० ते १५ वॅट खातं. १२ वॅट धरले तर महिन्याला ८.६ युनिट, म्हणजे १० रुपये युनिटने ८६ रुपये. घरात पडून असलेला जुना टॉवर ५० वॅट खात असेल तर तोच हिशोब ३६ युनिटवर जातो. फुकट मिळालेलं यंत्र दोन वर्षांत महाग पडतं ते असं. जुना लॅपटॉप चालतो, पण कायम चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगते. चार्जिंगची मर्यादा ६० टक्क्यांवर ठेवता येत नसेल तर बॅटरी काढूनच वापरा. रास्पबेरी पायवर एसडी कार्डातून हे चालवू नका. डेटाबेसच्या सततच्या लिखाणाने कार्ड झिजतं आणि आधी काही न कळवता जातं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन वापरलेला पीसी घेताना दुकानातच बघायच्या चार गोष्टी:

- बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरता येतं का? ऑफिसच्या यंत्रांवर बायोसचा पासवर्ड राहून गेलेला असतो. तो निघत नसेल तर यंत्र घेऊ नका, कारण पुढे विजेची सेटिंग बायोसमध्येच करायची आहे.
- ॲडॉप्टर मूळ कंपनीचा आहे का? डेलची यंत्रं अनोळखी ॲडॉप्टर दिसला की प्रोसेसरचा वेग मुद्दाम पाडतात. सगळं चालतं, पण रखडत.
- बायोसमधली तारीख बरोबर आहे का? चुकीची असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय. तो तसाही नवीन टाका. सेल मेलेला असला तर वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात आणि घड्याळ मागे जातं. घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडण्या नाकारल्या जातात आणि बिघाड भलतीकडेच शोधला जातो.
- पंख्यात धूळ किती आहे? उघडून साफ करा आणि थर्मल पेस्ट नवी लावा.

डिस्क

ऑपरेटिंग सिस्टिम आणि इमिचचा डेटाबेस आतल्या एसएसडीवर ठेवा, ५०० जीबी भरपूर. मूळ फोटो वेगळ्या मोठ्या डिस्कवर. इमिच प्रत्येक फोटोच्या लहान प्रती बनवतं, त्यासाठी मूळ फोटोंच्या १० ते २० टक्के जागा जास्तीची धरा.

मिनी पीसीच्या आत २.५ इंची, ७ मिमी जाडीची डिस्क बसते. मोठ्या क्षमतेच्या २.५ इंची डिस्क बहुधा १५ मिमी जाड असतात, त्या आत मावत नाहीत. म्हणून बहुतेक जण बाहेरून यूएसबीची डिस्क लावतात. ३.५ इंची डिस्कला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असतो. तो भिंतीच्या साध्या सॉकेटमध्ये आणि पीसी मात्र यूपीएसवर अशी जोडणी फार घरांत दिसते. वीज गेली की पीसी चालू राहतो आणि डिस्क त्याच्या हातातून निसटते. दोन्ही एकाच यूपीएसवर हवेत.

डेबियन, डॉकर आणि डिस्क जोडणं

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमची छोटी इन्स्टॉल इमेज घ्या. डेस्कटॉप निवडू नका, फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या यंत्रावरून कमांड देण्याची सोय) आणि मूलभूत साधनं. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) यादीत या यंत्राला कायमचा पत्ता राखून ठेवा. एसएसएचला 'की' (किल्लीची फाइल) लावून पासवर्डने लॉगिन बंद करा आणि सुरक्षा अपडेट आपोआप बसण्याची सोय चालू करा. डॉकर, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन, त्याच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतून बसवा. त्यात अनेक कंटेनर एकत्र चालवणारं कंपोज सोबतच येतं.

डॉकरचे लॉग मुळात कितीही वाढू शकतात. डॉकरच्या सेटिंगच्या 'डीमन डॉट जेसन' फाइलमध्ये एका लॉगची मर्यादा १० एमबी आणि जास्तीत जास्त ३ फाइली असं लिहून डॉकर पुन्हा सुरू करा. ही मर्यादा नव्याने बनणाऱ्या कंटेनरांनाच लागू होते, म्हणून हे इमिचच्या आधी करा.

आता फोटोंची डिस्क. नवी डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये येते, ती लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रकारात फॉरमॅट करून घ्या. सुरू होताना डिस्क जोडणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये तिची नोंद 'एसडीबी' अशा नावाने न करता यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने) करा, कारण यूएसबीचा क्रम बदलला की नावंही बदलतात. नोंदीत 'नोफेल' हा पर्याय घाला. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही तर डेबियन आणीबाणीच्या स्थितीत जाऊन कीबोर्डची वाट पाहत बसतं, आणि सर्व्हरला तर कीबोर्ड लावलेलाच नसतो.

पण नुसत्या 'नोफेल'ने दुसरा धोका उभा राहतो. समजा डिस्क जोडली गेलीच नाही. ज्या फोल्डरवर ती जोडली जायची तो रिकामा फोल्डर एसएसडीवर असतोच. डॉकर तोच कंटेनरला देतं आणि पुढचं सगळं लिखाण एसएसडीवर होतं. इमिचने यावर उपाय केलाय: ते आपल्या प्रत्येक उपफोल्डरात 'डॉट इमिच' नावाची खुणेची फाइल ठेवतं आणि ती दिसली नाही तर सुरूच होत नाही. त्यामुळे लॉगमध्ये ही खूण सापडत नसल्याची तक्रार दिसली तर ती फाइल हाताने बनवून गप्प बसवू नका, आधी डिस्क बघा. दुसऱ्या सर्व्हिसेसमध्ये मात्र अशी राखण नसते. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये तर नसतेच.

म्हणून डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' कमांडने 'प्लस आय' हा गुण लावा. मग तिथे रूटलाही (सर्वाधिकारी खात्यालाही) काही लिहिता येत नाही. डिस्क जोडली की तिची स्वतःची फाइल सिस्टिम वर येते आणि लिखाण नेहमीसारखं होतं. जोडीला सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडी यंत्रणेत डॉकरच्या सर्व्हिसला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही ओळ या फोल्डरच्या पत्त्यासह द्या, म्हणजे डिस्क जोडली गेल्याशिवाय डॉकर सुरू होणार नाही.

आणखी एक: चालू असताना डिस्क निसटून परत जोडली गेली तरी चालू कंटेनरला जुनी, मेलेली जोडणीच दिसत राहते. कंटेनर बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात.

इमिच बसवणं

प्रकल्पाच्या अधिकृत रिलीज पानावरून दोन फाइली घ्या: कंपोजची आणि एन्व्हची (सेटिंगची). कुठल्या जुन्या व्हिडिओतली कंपोज फाइल उचलू नका. इमिचचा पोस्टग्रेस डेटाबेस खास व्हेक्टर एक्स्टेन्शनसह (स्मार्ट शोधासाठीच्या जोडसाधनासह) येतो, ते मध्यंतरी बदललंय, आणि जुन्या फाइलवर नवी आवृत्ती अडकते. एन्व्ह फाइलमध्ये चार गोष्टी बदला. अपलोडची जागा मोठ्या डिस्कवर. डेटाबेसची जागा एसएसडीवर, नेटवर्कवरच्या शेअरवर कधीही नको. डेटाबेसचा पासवर्ड फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरून, कारण विशेष चिन्हांनी गडबड होते. टाइमझोन आशिया-कोलकाता. मग त्याच फोल्डरातून 'डॉकर कंपोज अप', मागे चालण्यासाठी 'डॅश डी' लावून. ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट २२८३ टाका. जो पहिलं खातं उघडेल तो ॲडमिन, तेव्हा ते लगेच उघडा.

जुने फोटो भरण्याआधी जॉब्सच्या सेटिंगमध्ये लहान प्रती, चेहरे आणि स्मार्ट सर्च (फोटोत काय आहे त्यावरून शोध) यांची समांतर कामं १ किंवा २ वर आणा. पन्नास हजार फोटो एकदम टाकले तर मिनी पीसी दिवसभर, कधी दोन-तीन दिवस पूर्ण ताकदीने राबतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवला असेल तर ९० अंशांपर्यंत तापून वेग कमी करतो. यंत्र उघड्या शेल्फवर ठेवा. 'सेन्सर्स' कमांडने तापमान बघत राहा.

गुगल फोटोजमधून आणायचं असेल तर टेकआउटच्या (गुगलमधून आपला डेटा उतरवून घेण्याच्या सोयीच्या) झिप फाइली तशाच ब्राउझरमध्ये ओढून टाकू नका. त्यात बऱ्याच फोटोंची खरी तारीख बाजूच्या जेसन फाइलीत असते. 'इमिच-गो' हे साधन ती वाचून फोटोला लावतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचं दुखणं वेगळं आहे. व्हॉट्सॲप फोटोतली तारखेची आणि ठिकाणाची माहिती काढून टाकतं, त्यामुळे लग्नाचा पूर्ण अल्बम आलेल्या दिवसाच्या खाली जाऊन बसतो. इमिचमध्ये एकत्र निवडून तारीख बदलता येते. ते काम घरातल्या ज्यांना तारखा पाठ आहेत त्यांच्याकडे द्या.

शोधासाठीचं मूळ मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे. आईला किंवा काकांना मराठीत शोधायचं असेल तर मशीन लर्निंगच्या सेटिंगमध्ये एनएलएलबी नाव असलेलं बहुभाषिक मॉडेल टाका आणि स्मार्ट सर्चचं काम सगळ्या फोटोंवर पुन्हा चालवा. ते जास्त रॅम खातं. १६ जीबीचा आग्रह त्यासाठीही आहे.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची यंत्रणा ॲपला मागच्या मागे मारते. प्रत्येक फोनमध्ये इमिचसाठी बॅटरीचं बंधन काढा. आयफोनवर ॲपला मागून किती वेळ द्यायचा ते फोनच ठरवतो, तेव्हा आठवड्यातून एकदा ॲप उघडून चार्जिंगला लावून ठेवायची सवय घरात लावा.

घरातल्या वायफायवर सगळं फार हळू वाटत असेल तर 'ईथटूल'ने केबलचा वेग बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर केबलच्या चारपैकी एक जोडी तुटलेली किंवा कनेक्टर नीट न दाबलेला असतो. मग सेकंदाला ११० एमबीऐवजी ११ मिळतात. केबल बदला.

घराबाहेरून

राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलं तरी बाहेरून कोणी आत येत नाही. भारतातल्या घरगुती फायबर जोडण्यांत हे सर्रास आहे. आणि सार्वजनिक पत्ता असला तरी घरचे फोटो असलेलं पोर्ट जगासाठी उघडं करू नये. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातं, हेही लक्षात असू द्या.

घरच्यांसाठी टेलस्केल पुरे: ते आपल्याच यंत्रांना एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं आणि सीजी-नॅटमागेही जुळतं. सर्व्हरवर बसवा, प्रत्येक फोनवर बसवा, आणि इमिच ॲपला टेलस्केलचा पत्ता द्या. मग टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन सर्व्हरच्या किल्लीची ('की') मुदत बंद करा. मूळ सेटिंगने ती १८० दिवसांनी संपते आणि सहा महिने सुरळीत चाललेला सर्व्हर एके दिवशी बाहेरून दिसेनासा होतो.

घरचा सर्व्हर क्लाउडफ्लेअर कंपनीमार्फत बाहेर दाखवणाऱ्या क्लाउडफ्लेअर टनेलनेही काम होतं, पण मोफत योजनेत एका विनंतीत १०० एमबीपेक्षा जास्त अपलोड होत नाही. फोटो जातात, मुलांच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ मात्र पुन्हा पुन्हा शून्यावर येतो.

वीज

बायोसमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस' (डेलमध्ये 'एसी रिकव्हरी') ही सेटिंग 'पॉवर ऑन' करा. ही एक गोष्ट चुकली तर गावाला गेलेल्या चार दिवसांत सर्व्हर मेलेलाच राहतो.

पीसी, डिस्क, राउटर आणि फायबरची डबी मिळून ४० वॅटच्या आसपास जातात. ६०० व्हीएचा यूपीएस, आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ एएच, नवा असताना पाऊण-एक तास ओढतो. दोन-तीन वर्षांनी तीच बॅटरी काही मिनिटांवर येते, तेव्हा बदलण्याचा महिना यूपीएसवर चिकटवून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो.

यूएसबी डेटा पोर्ट असलेला यूपीएस मिळाला तर 'नट' हे सॉफ्टवेअर बॅटरी कमी झाली की सर्व्हर नीट बंद करतं. स्वस्त यूपीएसना हा पोर्ट नसतो. मग एक युक्ती आहे. यूपीएस आणि इन्व्हर्टर दोन्ही सोडून, थेट विजेच्या सॉकेटमध्ये एखादा वायफाय स्मार्ट प्लग लावा आणि सर्व्हरवरून दर मिनिटाला त्याला पिंग करणारी ('जागा आहेस का' विचारणारी) छोटी स्क्रिप्ट ठेवा. प्लग सलग ५ मिनिटं उत्तर देत नाही आणि राउटर देतोय, म्हणजे वीज गेलीय. सर्व्हर बंद करा. राउटरची अट विसरू नका, नाहीतर नुसता राउटर बंद पडला तरी सर्व्हर बंद होईल. आणि सुरू झाल्यापासून प्लग एकदा तरी दिसलेला असेल तरच स्क्रिप्टने कृती करावी. नाहीतर प्लग बिघडला की सर्व्हर दर वेळी उठून पाच मिनिटांत झोपेल.

यात एक फट उरते. सर्व्हर नीट बंद झाला, पण यूपीएसची बॅटरी संपायच्या आत वीज आली, तर पीसीच्या दृष्टीने वीज गेलीच नव्हती. तो बंदच राहतो. त्यासाठी बायोसमध्ये रोज सकाळी ७ वाजता यंत्र चालू करण्याचा गजर लावा. आधीच चालू असेल तर त्याने काही बिघडत नाही.

सगळी जोडणी झाली की खरोखर मेन स्विच बंद करून बघा. दहा मिनिटांनी चालू करा आणि कशालाही हात न लावता फोनवरून फोटो उघडतो का ते तपासा.

बॅकअप

दोन डिस्क रेडमध्ये (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणाऱ्या जोडणीत) लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून पुसलेला अल्बम दोन्हींवरून एकाच क्षणी जातो. इमिचच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात, त्यापुढे बॅकअपच.

अपलोडच्या जागेतले चार फोल्डर वाचवायचे: अपलोड, लायब्ररी, प्रोफाइल आणि बॅकअप्स. लहान प्रती आणि बदललेल्या व्हिडिओंचे फोल्डर सोडले तरी चालतं, ते पुन्हा बनतात. डेटाबेसचा फोल्डर चालू असताना तसाच कॉपी करू नका, ती प्रत अर्धवट निघते. इमिच स्वतः रोज रात्री २ वाजता डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) घेऊन बॅकअप्स फोल्डरात ठेवतं, शेवटचे १४ जपून. अल्बम, चेहऱ्यांची नावं, खाती सगळं त्यात असतं. म्हणून आपला बॅकअप ३ वाजता लावा.

त्यासाठी रेस्टिक हे बॅकअपचं साधन वापरा. दुसऱ्या यूएसबी डिस्कवर रोजचा, आणि घराबाहेर आठवड्याचा. ७ दैनिक, ४ साप्ताहिक, ६ मासिक प्रती ठेवायला सांगा. बाहेरची जागा म्हणून भावाच्या किंवा गावच्या घरी टेलस्केलवर जोडलेलं एखादं छोटं यंत्र छान चालतं. पहिला बॅकअप मात्र आपल्या घरी डिस्कवर भरून मग ती डिस्क तिकडे न्या: ३० एमबीपीएस अपलोडवर २०० जीबी जायला पंधरा तास लागतात, तेही ओळ एकदाही तुटली नाही तर. रेस्टिक सगळं कुलूपबंद करतं, त्यामुळे त्याचा पासवर्ड हरवला तर बॅकअपही हरवला. तो फक्त सर्व्हरवर ठेवणं म्हणजे न ठेवणंच.

महिन्यातून एकदा 'रेस्टिक चेक' चालवा आणि त्याला ५ टक्के डेटा खरोखर वाचायला सांगा. वर्षातून दोनदा पूर्ण परतावा करून बघा. एखाद्या लॅपटॉपवर डॉकर टाका, इमिचची तीच आवृत्ती आणा, बॅकअपमधून फोल्डर काढा, रिकाम्या डेटाबेसमध्ये डंप भरा, आणि सगळ्यात जुना एक आणि मागच्या आठवड्यातला एक फोटो उघडा. दोन्ही उघडले आणि नावांसकट चेहरे दिसले, तर बॅकअप आहे.

डिस्कवर लक्ष ठेवायला स्मार्टडी (डिस्कची तब्येत तपासणारा प्रोग्राम) चालू करा. ५, १९७ आणि १९८ क्रमांकाचे (खराब जागांचे) आकडे शून्यावरून हलले की डिस्क बदलायच्या तयारीला लागा. बॅकअपची स्क्रिप्ट यशस्वी झाल्यावर हेल्थचेक्ससारख्या सेवेला एक पिंग पाठवा. पिंग आली नाही तर ती सेवा तुम्हाला ईमेल करते. उलट पद्धत, म्हणजे बिघाड झाल्यावर सर्व्हरनेच कळवणं, इथे उपयोगाची नाही. बंद पडलेला सर्व्हर ईमेल पाठवत नाही.

अपडेट आणि कागद

इमिचची अपडेट आपोआप बसवणारी साधनं लावू नका. महिन्यातून एकदा रिलीज नोट्स वाचा, त्यात 'ब्रेकिंग' बदल आहेत का बघा, ताजा डंप आहे याची खात्री करा, मग 'डॉकर कंपोज पुल' आणि 'डॉकर कंपोज अप'. मागच्या आवृत्तीवर परत जाणं डेटाबेस बदलल्यावर बहुधा जमत नाही, डंपमधूनच परतावं लागतं. फोनवरचं ॲपही त्याच सुमारास अपडेट करा.

शेवटी एक कागद छापून विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवा: सर्व्हर कुठे आहे, कुठली डिस्क फोटोंची आणि कुठली बॅकअपची, रेस्टिकचा पासवर्ड, बाहेरची प्रत कोणाकडे आहे, आणि यंत्र नीट बंद करायला पॉवरचं बटण एकदाच हलकं दाबायचं, धरून ठेवायचं नाही. हा कागद घरातल्या आणखी एका माणसाकडून वाचून घ्या आणि त्याच्याकडूनच एकदा सर्व्हर बंद-चालू करवून घ्या.